लाही फुटेपर्यंत

"ऐक," असं म्हणून तो समोरच्या माणसाच्या छातीवरचा शर्ट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि कानाशी न्यायचा. माणूस शर्टाच्या आतच असायचा, त्यामुळे त्यालाही दोन पावलं पुढे यावं लागायचं. मग मान तिरकी करून, डोळे मिटून तो शर्टावरची छापील अक्षरं ताणायचा. अक्षरांतून बारीकसा 'कर्र' आला की शर्ट सोडून द्यायचा आणि साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं सांगायचा, "कच्चा हाय."

आवाज आला नाही तर काहीच बोलायचा नाही. कौतुक करणं त्याला जन्मात जमलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर देवाचे आभार माना. आम्हा पवनीकरांच्या नशिबी तो होता आणि माझ्या तर भिंतीला भिंत लागून होता. सगळे त्याला पेंटर म्हणायचे. शर्ट ताणायला त्याला वेळ-काळ लागत नसे. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही. एकदा निवडणुकीत वाटलेला शर्ट घालून एक कार्यकर्ता मोठ्या ऐटीत बोळात शिरला. छातीवर पुढाऱ्याचा चेहरा. पेंटरनं तो कानाशी धरून असा ताणला की पुढाऱ्याच्या गालाला भेगा पडल्या. "नेता बी कच्चाच हाय गा," असं म्हणून तो घरात गेला. कार्यकर्ता बिचारा हातानं छाती झाकून परत फिरला.

हसायला येतं ना? आम्हीही हसायचो. आपला शर्ट नसला की फार हसायला येतं.

पण हा शब्द तो माणसांनाही लावायचा. माझे यजमान तरणेताठे असताना तापानं गेले, तेव्हा बोळातली माणसं भेटायला आली, बायका रडल्या. पेंटर दारात उभा राहून म्हणाला, "मले माहीतच होतं बाई. माणूस चांगला होता, पण कच्चा." त्या दिवशी मी त्याच्या नावानं बोटं मोडली, ती पुढे कितीतरी दिवस मोडत होते. मग एक दिवस तो पत्र्याची पाटी घेऊन आला. 'शिलाई' एवढा एकच शब्द होता, पण इतका देखणा की मी माझं वैर विसरून पाहत राहिले. "दया म्हणून नाई आणली," तो म्हणाला. "तुही टीप पक्की हाय म्हणून आणली." ती पाटी अजून माझ्या दुकानावर आहे. ऊन-पाण्यानं तिचं काही वाकडं केलं नाही.

खरं म्हणजे पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडच्या पाट्यांवरचं 'जिल्हा भंडारा' पुसून नवं नाव लिहायला त्याला बोलावणी आली होती. ते त्याच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. "अर्धा जिल्हा म्या माह्या हातानं पुसला," असं तो फुशारकीनं सांगायचा. पुढे फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशला कुणी विचारेना. मग त्यानं घरातच शर्ट छापायला घेतले. मंडळांचे, शाळांचे, क्रिकेटचे, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा तिथं खेळणाऱ्या कबड्डीच्या संघांचे. कापड मी शिवायची, छापायचा तो.

छापणं सोपं असतं. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी शर्टावर ठेवायची, शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं ओढायची. घोडं अडतं ते पुढे. ही रबरासारखी शाई हवेवर सुकत नाही. वर्षभर वाळत घातली तरी बोट लावलं की चिकटतेच. तिला आच द्यावी लागते, तीही आतपर्यंत. वरवर शेकलेली शाई दिसते पक्की, पण हात घासला किंवा घाम लागला की निघून येते. नागपूरला या कामाची मशीन असते. पेंटरकडे मशीन नव्हती, हट्ट होता.

आधी त्यानं मे महिन्याचं ऊन धरलं. पत्र्यावर शर्ट पसरले. पवनीचं ऊन माणसाला आडवं करतं, पण शाईला त्याचं काही वाटलं नाही. मग इस्त्री आणली, तर भारनियमनानं छळलं. अर्धं नाव शेकून व्हायचं आणि वीज जायची. 'जय'पर्यंत पक्कं, पुढचं कच्चं. तव्यावर शेकायला गेला आणि एका शाळेच्या शर्टाला भाकरीसारखे डाग पाडले. शेवटी त्याची नजर आलमारीवर गेली.

या आलमारीबद्दल सांगायलाच हवं. पेंटरला एकच मुलगी, वनिता. तिची आई आयुष्यभर विड्या वळत राहिली आणि त्यातून लेकीच्या आंदणासाठी तिनं ती लोखंडी आलमारी आणली. दाराला आरसा, आत साड्या टांगायला दांडी. आणली आणि वर्षाच्या आतच ती माउली गेली. आलमारी पोरीच्या लग्नाची वाट पाहत कोपऱ्यात उभी होती. वनिता रोज तिच्यावरची धूळ पुसायची.

माझ्याकडे ती शिलाई शिकायला यायची. एक दिवस दुपारी भिंतीपलीकडे ठणाणा आवाज सुरू झाले. आम्ही दोघी धावत गेलो तर पेंटर घण घेऊन आलमारीचे खण पाडत होता. पाठीच्या पत्र्याला धुराडं पाडलेलं. तळाशी भुशाची शेगडी मांडलेली, म्हणजे डब्यात मधोमध बाटली ठेवून भोवती राइस मिलचा भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि त्या पोकळीत निखारा टाकायचा. धिमी, एकसारखी आच लागते. साड्यांच्या दांडीला त्यानं शर्ट टांगले होते.

"बाबा, ते आईनं माह्यासाठी घेतली होती," वनिता म्हणाली.

"मंग? तुह्याच घरी हाय ना? कोणी चोरून नेली का?"

"आरसा तं काढून घ्या निदान."

त्यानं काढला नाही. पहिल्याच दिवशी आचेनं आरसा उभा तडकला. त्यानंतर वनिता वेणी घालायची ती अर्ध्या आरशात बघून. मी तिला माझा हातातला आरसा देऊ केला, तिनं घेतला नाही.

तरी आच किती झाली हे कळायला काही हवं होतं. ते वनितालाच सुचलं. डब्याच्या झाकणात मूठभर धान घालून तिनं ते शेगडीच्या वरच्या जाळीवर ठेवलं. शर्ट वर टांगलेले. खाली पहिली लाही फुटली की वरची शाई पिकली असं समजायचं आणि दार उघडायचं. जरा उशीर झाला तर शर्ट पिवळा पडायचा, जरा घाई झाली तर शाई कच्ची राहायची. पण लाहीनं कधी दगा दिला नाही. पेंटरनं हे चार गावांत स्वतःची अक्कल म्हणून सांगितलं.

तेव्हापासून आमच्या भिंतीपलीकडून एकच गोष्ट दिवसभर ऐकू यायची. आधी शांतता. मग पत्र्यावर 'टच'. मग वनिताचा आवाज, "फुटली, बाबा!" आणि मग आलमारीचं दार करकरायचं. त्या हाकेवर मी माझा चहा ठेवायची, इतकी मला तिची सवय झाली होती.

आणि पेंटरच्या शर्टाचं नाव झालं. लाखांदूर, आंधळगाव, भंडाऱ्याहूनसुद्धा माणसं यायची. त्याचा शर्ट विरायचा, फाटायचा, पोछा व्हायचा, पण पोछ्यावरचं नाव वाचता यायचं.

वनिताला बघायला पाहुणे यायचे तेव्हा मी पोहे करायला जायची, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. पेंटर पाहुण्यांशी गोड बोलायचा आणि निघता निघता मुलाला जवळ बोलवायचा. मुलाच्या शर्टावर काहीतरी छापलेलं असायचंच, तो जमानाच तसा होता. "ऐक," म्हणून शर्ट चिमटीत धरायचा. भावी जावई त्याच्या कानाला छाती लावून, वाकून उभा. आई, मामा, मावशी बघताहेत. "कच्चा हाय," पेंटर जाहीर करायचा. "शर्टाचं म्हणून राहिलो हो." पण तो शर्टाचं म्हणत नाही हे पाहुण्यांना कळायचं. एका मुलाच्या मामानं आलमारीतून निघणारा धूर पाहून विचारलं, "आमी पोरगी पाहाले आलो का भट्टी?" पेंटरनं त्यालाही ताणलं, अर्थात तोंडानं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

मी एकदा सरळ विचारलं, "तुमाले पोरीचं लगन करायचं हाय का नाई?"

"करीन ना. पक्का भेटला का करीन."

मग तो आला. लाखांदूरकडच्या एका गावाचा, कबड्डीच्या संघाचा कप्तान. संघाच्या शर्टांसाठी एसटीनं यायचा. काम एका खेपेचं असायचं, पण हा कधी माप सांगायला, कधी रंग बदलायला, कधी नुसतंच 'इकडून चाललो होतो' म्हणून यायचा. लाखांदूरचा माणूस पवनीच्या बोळातून कुठं चालला असेल, हे तुम्हीच सांगा. वनिता माझ्या दुकानात काजं करत बसलेली असायची. तो उंबऱ्यावर बसायचा. बोलायचे फार कमी. एकदा त्यानं तिला विचारलं, "धुरानं डोये नाई दुखत?" माझ्या माहितीत तिला असं विचारणारा तो पहिलाच माणूस. त्या दिवशी तिनं सगळी काजं वाकडी केली.

आणि गंमत अशी की तो नेहमी साध्या, बिनछापाच्या शर्टात यायचा. पेंटरची पंचाईत झाली. छापच नाही तर ताणणार काय? तो नुसता त्या मुलाकडे बघत राहायचा, दात दुखत असल्यासारखा.

मुलानं आईला घेऊन येऊन रीतसर विचारलं. पेंटर म्हणाला, "मंडई होऊन जाऊ द्या. मंग बोलू." वनिता आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला तेवढं हसताना मी एकदाच पाहिलं.

मंडईसाठी संघाचे शर्ट छापायचे होते. मी शिवून दिले. पेंटर म्हणाला, "एक जास्तीचा शिवजो बाई, कप्तानच्या मापाचा. छापाईत बिघडला तं." मी शिवला. आधी कधी त्यानं असा जास्तीचा मागितला नव्हता. वनितानं संघाचे सारे शर्ट आलमारीत शेकले, एकेक ताणून पाहिला, घड्या घातल्या. कप्तानाच्या शर्टाची घडी घालायला तिला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. गठ्ठा बांधून ती नदीवर धुणं धुवायला गेली.

मंडईला आम्ही तिघं एसटीनं गेलो. जिलबीची दुकानं, आकाशपाळणा, संध्याकाळच्या नाटकाचा मंडप, माणसांचा पूर. कबड्डीच्या मैदानाभोवती मुंगीला जागा नव्हती. कप्तानाची आई आणि नात्यातली माणसं पुढे खुर्च्यांवर बसली होती. आईनं वनिताला हात करून जवळ बसवून घेतलं. पाठीवर सात नंबर घेऊन कप्तान मैदानात उतरला.

पहिल्याच चढाईत समोरच्या दोघांनी त्याला कमरेला आणि पाठीला धरलं. तो निसटून आला, टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या. ज्यांनी धरलं होतं ते आपले हात बघत होते. तळवे पिवळे झाले होते. कप्तानाच्या पाठीवर सातचं अर्धं आडवं दांडकं उरलं होतं. पुढच्या पकडीत तेही गेलं. घामाबरोबर शाई त्याच्या चड्डीवर, मांड्यांवर, मातीवर उतरली. बाकी कुणाच्याही नंबरला धक्का लागला नव्हता. विरुद्ध संघातला एक जण पिवळा पंजा वर करून नाचला. मैदान हसायला लागलं. मंडईचं हसू तुम्ही ऐकलं नसेल तर सांगते, ते लवकर थांबत नाही. कुणीतरी ओरडलं, "ओ पुसल्या!" आणि त्या मुलाचं नाव त्या क्षणापासून पुसल्या पडलं. गावाकडे एकदा पडलेलं नाव चितेपर्यंत येतं.

तेवढ्यात गर्दीतून पेंटरचा आवाज आला. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले होते.

"कच्चा हाय!"

कप्तानाची आई वनिताच्या शेजारून उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

खेळ संपल्यावर तो मुलगा आमच्याकडे आला. शर्ट काढून त्याचा बोळा केला होता. त्यानं पेंटरकडे पाहिलंसुद्धा नाही. वनितासमोर उभा राहिला. शर्ट शेकायची ती, बांधायची ती, हे त्याला ठाऊक होतं. "नाई म्हनायचं होतं तं तोंडानं म्हनायचं," एवढं बोलून त्यानं तो बोळा तिच्या पायाशी टाकला आणि उघड्या अंगानं गर्दीत गेला. वनितानं वाकून तो बोळा उचलला.

तो शर्ट तिनं घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पसरला. मी तो उलटा केला आणि टीप पाहिली. माझी टीप मी ओळखते. संघाचे शर्ट मी पिवळ्या दोऱ्यानं शिवले होते. दोरा संपला म्हणून जास्तीचा तेवढा पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता. टेबलावरच्या शर्टाची टीप पांढरी होती.

"हा तू शेकलाच नाईस व," मी म्हटलं. "हा जास्तीचा होय."

तिनं मान हलवली. बहुतेक तिला आधीच कळलं होतं. तिला फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं. ती उठली आणि घरात गेली, मी मागोमाग. पेंटर आलमारीसमोर पाटावर बसला होता. तिनं शर्ट त्याच्यापुढे धरला.

"काहून, बाबा?"

तिनं पुन्हा विचारलं. मग आणखी मोठ्यानं. मला वाटलं तो मुद्दाम उत्तर देत नाही. पण त्यानं मान वर केली आणि तिच्या ओठांकडे पाहत म्हणाला, "मोठ्यानं बोल. पोयाच्या सणापासून ऐकू नाई येऊन राहिलं."

वनिताच्या हातातला शर्ट खाली आला.

"शर्ट ताणतो तं आवाज येत नाई. सारंच पक्कं वाटते. तुह्या तोंडाकडे पाहून पाहून मी कच्चं म्हनून राहिलो." मग त्यानं आलमारीवर हात ठेवला. "तू गेली तं लाही कोण ऐकन व?"

मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याला पाटावरून ढकलून द्यावंसं वाटलं. दोन्ही एकाच वेळी. असं होतं.

मी वनिताला घेऊन त्याच दिवशी लाखांदूरची बस पकडली. मुलाच्या आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पांढरी टीप दाखवली. बाईनं शांतपणे ऐकलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "म्हंजे पोरगी नाई, बापच असा हाय. मंग तं अजूनच नको माय." मुलगा घरात होता. पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते. तो बाहेर आला नाही. पुढच्या लग्नसराईत त्याचं लग्न झाल्याचं आम्हाला कळलं.

वनिता कुठं गेली नाही. मी म्हटलं, भंडाऱ्याला माझी बहीण आहे, तिच्याकडे राहा, मशीन चालव. ती म्हणाली, "गेली तं बाबाले वाटन का आता सुटलो."

ती राहिली. भाकरी टाकायची, कपडे धुवायची, आलमारीत भुसा ठासायची, धान ठेवायची, शर्ट टांगायची. सगळं पहिल्यासारखं. फक्त लाही फुटली की ती बोलायची नाही. 'टच' ऐकू यायचं. भिंतीच्या अलीकडे मला ऐकू यायचं. आणि पुढे काहीच नाही. ती दोरे तोडत बसलेली, तोंड भिंतीकडे केलेलं.

पेंटर आलमारीच्या दाराला तळवा लावून बसायचा. "फुटली का?" विचारायचा. थोड्या वेळानं पुन्हा. "फुटली का व, वने?" मग अंदाजानं दार उघडायचा. कधी धान तसंच कच्चं असायचं, कधी कोळसा झालेलं. झाकण ओढताना त्याची बोटं भाजायची. एकदा मी न राहवून त्यांच्या दारात जाऊन ओरडले, "अहो, फुटली!" त्याला कुठं ऐकू जायला? वनितानं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्यांच्या मधे पडले नाही. एक दिवस त्यानं तिच्यापुढे हात जोडले. "एकडाव सांग व माय." ती उठून पाणी भरायला गेली.

शर्ट बिघडायला लागले. पिवळे पडलेले, भेगा गेलेले. गिऱ्हाईकं शर्ट घेऊन यायची आणि त्याच्याच कानाशी धरून ताणायची. ज्यांना ज्यांना त्यानं गावासमोर वाकवलं होतं, ते मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. तो आशेनं कान लावायचा, आवाज येत नसे, आणि त्याचा चेहरा उजळायचा. "पक्का हाय," तो म्हणायचा. सारं जमलेलं टोळकं हसायचं. एकानं तर मुद्दाम पोछा आणला होता, भेगाळलेल्या अक्षरांचा. त्यालाही पेंटर पक्का म्हणाला. मग हसणारी तोंडं पाहून त्याला संशय यायचा आणि तो वळून वनिताला शोधायचा. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का बघायचा. ती दारात उभी असायची. तिच्या चेहऱ्यावर काही नसायचं.

ज्यानं आयुष्यात माझ्या टिपेशिवाय कशालाच पक्कं म्हटलं नाही, तो शेवटची वर्षं साऱ्या जगाला पक्का म्हणत फिरला. स्टँडवर, मांडवात, दवाखान्यात. लोक आता त्याला घाबरत नव्हते. छाती पुढे करून उभे राहायचे.

धंदा बसला. शेगडी विझली ती विझलीच. आलमारीला गंज चढला. तरी तो रोज तिच्यासमोर पाटावर बसायचा, दाराला तळवा लावून. आलमारी थंड असायची.

हिवाळ्यात ताप धरून तो गेला. वनिता रडली नाही. बोळातल्या बायकांनी त्यावर बोलायचं ते बोलून घेतलं. सकाळी तिरडी बांधली. वाटेवर उधळायला लाह्या हव्या होत्या, म्हणून एक जण दुकानात जायला निघाला.

"थांबा," वनिता म्हणाली. "घरी हायत."

घरी नव्हत्या. तिनं डब्यात भुसा ठासला, बाटली काढली, चुलीतला निखारा टाकला. झाकणात धान घातलं आणि आलमारीचं दार लावलं. माणसं कुरकुरली. ऊन वर येतं आहे, किती वेळ, हे काय खूळ. कुणी तिला बोट लावून उठवायची हिंमत केली नाही. धूर दाटला, तडकलेला आरसा काळा पडला. ती पाटावर बसली होती, त्याच्याच पाटावर. मी तिच्या मागे उभी होते. अंगणात तिरडीवर पेंटर, कानात कापूस घातलेला.

टच.

ती उठली. अंगणात आली. तिरडीजवळ गुडघे टेकून बसली आणि त्याच्या कानातला कापूस काढला. मग अगदी वाकून, पूर्वी सारा बोळ ऐकायचा त्या आवाजात म्हणाली, "फुटली, बाबा."

मग कापूस परत घातला, आत जाऊन झाकण उचललं आणि लाह्या सुपात ओतल्या.